विनआयसिसमध्ये अडकलेली ग्रंथतालिका बाहेर कशी काढावी

पहिले काम संगणकावरचे नाही. सीडीएस/आयसिस ही ग्रंथालयांतली जुनी डेटाबेस प्रणाली, विनआयसिस ही तिची विंडोज आवृत्ती. तुमच्या ग्रंथालयाची त्यांतली तालिका ज्यांनी उभी केली, ते ग्रंथपाल निवृत्त होऊन कुठे राहतात ते शोधा आणि आजच फोन करून भेटीची वेळ ठरवा. या प्रणालीतला डेटा तीस वर्षांनीही जसाच्या तसा वाचता येतो. पण टॅग ८७ मध्ये (टॅग म्हणजे नोंदीतल्या क्षेत्राचा क्रमांक) किंमत आहे की देणगीदाराचे नाव, हे बहुतेक ठिकाणी एकाच माणसाला ठाऊक असते, आणि ते कुठल्याही फाइलमध्ये लिहिलेले नसते.

आयसिसची मुळे १९६० च्या दशकातली, जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेतली. युनेस्कोने ती पुढे नेली आणि डिसेंबर १९८५ मध्ये छोट्या संगणकांसाठीची डॉस आवृत्ती काढली. ती विनामूल्य मिळे. आपल्याकडे तिचे वाटप आणि प्रशिक्षण निसॅट या केंद्र सरकारच्या यंत्रणेने केले. देवघेवीसाठी त्यावरच डेसिडॉक या संरक्षण खात्याच्या माहिती केंद्राने ‘संजय’ बांधले. नव्वदीच्या उत्तरार्धात विनआयसिस आले. पुढे निसॅट बंद झाली, शिकवणारी पिढी निवृत्त झाली, आणि आज ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन येणारा मुलगा कोहा ही मुक्त ग्रंथालय प्रणाली शिकून येतो. आयसिसची फॉरमॅट भाषा वाचणारा माणूस आता शोधावाच लागतो. घाई करायची ती यासाठी. यंत्र बंद पडेल म्हणून नाही.

आधी नक्कल

मूळ संगणकावर काहीही उघडू नका. अख्खा विनआयसिस फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या आणि पुढचे सगळे काम त्या नकलेवर करा. डेटाबेसचे नाव ‘ग्रंथ’ असेल तर त्याच नावाच्या आणि वेगवेगळ्या शेपट्यांच्या डझनभर फाइली दिसतील. त्यांतल्या खऱ्या महत्त्वाच्या मोजक्याच. एमएसटी म्हणजे मास्टर फाइल, सगळ्या नोंदी तिच्यात. एक्सआरएफमध्ये कोणती नोंद मास्टर फाइलमध्ये कुठे आहे त्याचे पत्ते. एफडीटीत टॅगांची यादी, पीएफटीत दर्शनाची फॉरमॅट, एफएमटीत नोंद भरण्याचा तक्ता आणि एफएसटीत सूची कशी बांधायची त्याचे नियम. सीएनटी, एन०१, एन०२, एल०१, एल०२ आणि आयएफपी या सहा फाइली सूचीच्या आहेत. त्या बिघडल्या किंवा हरवल्या तरी पुन्हा बांधता येतात, त्यांच्यामागे वेळ घालवू नका.

इथे हमखास फसायला होते ते पीएआर फाइलमुळे. डेटाबेसच्या फाइली नेमक्या कुठे आहेत तो मार्ग या छोट्या मजकूर फाइलमध्ये असतो. सी ड्राइव्हवर एक एमएसटी दिसते, ती घेऊन महिनाभर काम होते, आणि मग कळते की २००६ पासून नोंदी डी ड्राइव्हवरच्या दुसऱ्याच फोल्डरमध्ये पडत होत्या. पीएआर नोटपॅडमध्ये उघडा, पहिल्या ओळीतला मार्ग पाहा. शिवाय संगणकावरच्या सगळ्या एमएसटी शोधून त्यांची तारीख आणि आकार एका कागदावर मांडा.

नोंदी किती असाव्यात याचा अंदाज एक्सआरएफच्या आकारावरून येतो. ही फाइल ५१२ बाइटांच्या ठोकळ्यांची असते आणि प्रत्येक ठोकळ्यात १२७ नोंदींचे पत्ते मावतात. फाइल ४०,९६० बाइटांची असेल तर ८० ठोकळे, म्हणजे एमएफएन (आयसिसने नोंदीला दिलेला क्रमांक) जास्तीत जास्त १०,१६० पर्यंत. दाखल नोंदवहीत ३०,००० पुस्तके असतील आणि आकडा एवढाच निघत असेल, तर एकतर एका नोंदीखाली अनेक प्रती आहेत किंवा चुकीची फाइल हाती आली आहे.

पुसलेल्या नोंदींबद्दल एक सूचना. आयसिसमध्ये नोंद पुसली तरी ती मास्टर फाइलमध्येच राहते, फक्त तिच्यावर पुसल्याची खूण होते. बॅकअप घेऊन पुन्हा रिस्टोअर केले की फाइल आवळली जाते आणि त्या नोंदी कायमच्या जातात. ‘स्वच्छता’ म्हणून हे करू नका. बाद केलेल्या पुस्तकांचा तेवढाच पुरावा उरलेला असू शकतो.

डॉस आवृत्ती आणि १६-बिट कार्यक्रम ६४-बिट विंडोजवर चालत नाहीत. डॉस आवृत्तीला डॉसबॉक्स पुरतो. जुन्या विनआयसिससाठी व्हर्च्युअलबॉक्समध्ये ३२-बिट विंडोज एक्सपी बसवा. पण नुसता डेटा काढायचा असेल तर विनआयसिस चालूही करावे लागत नाही. त्यासाठी ब्राझीलच्या बिरेमे या संस्थेने केलेली सीआयसिस नावाची साधने आहेत, ती मास्टर फाइल थेट वाचतात.

मजकूर बाहेर काढणे

दोन प्रकारे काढा, दोन्ही ठेवा.

एक, विनआयसिसमधून आयएसओ २७०९ फाइल, म्हणजे एका प्रणालीतून दुसरीत नोंदी नेण्याच्या प्रमाणित साच्यातली. डेटाबेस मेनूत एक्सपोर्ट निवडा. आयसिसची जुनी सवय अशी की ८० अक्षरांनंतर ओळ तोडायची आणि क्षेत्र व नोंद संपल्याची खूण म्हणून ‘#’ घालायचा. प्रमाणित आयएसओ २७०९ मध्ये या खुणा ३० आणि २९ क्रमांकाच्या नियंत्रण-अक्षरांच्या असतात, आणि मध्ये ओळ तोडलेली नसते. म्हणूनच ही फाइल मार्कएडिटमध्ये (मार्क या प्रमाणित साच्यातल्या ग्रंथनोंदी हाताळणारे साधन) सरळ उघडली की गोंधळ दिसतो. फाइल खराब नाही, तिची बोली वेगळी आहे.

दोन, सीआयसिसमधले ‘आय-टू-आयडी’. हे साधन मास्टर फाइलचा साधा मजकूर करते: प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला तिचा एमएफएन, मग दर ओळीला एक क्षेत्र, आधी टॅग आणि पुढे मजकूर. पुढचे सगळे काम याच फाइलवर करा. ती कुठल्याही एडिटरमध्ये उघडते, शोधता येते, आणि तीस वर्षांनंतर कुणाच्या हाती पडली तरी त्याला कळेल. मास्टर फाइल विंडोजची असेल तर साधनही विंडोजचेच वापरा. लिनक्सच्या बांधणीत नोंदीचा साचा किंचित वेगळा असू शकतो आणि मग मजकूर सरकल्यासारखा येतो.

आयएसओ फाइलमध्ये शोधा-बदला कधीही करू नका. तिथे प्रत्येक नोंदीच्या पहिल्या पाच अंकांत नोंदीची लांबी बाइटांत लिहिलेली असते. एक अक्षर वाढले तरी पुढची सगळी नोंद घसरते.

टॅगांचा कोश

निवृत्त ग्रंथपालांकडे जाण्याआधी हे करा. मजकूर फाइलमधून प्रत्येक टॅग किती वेळा आला ते मोजा आणि प्रत्येक टॅगचे वीस नमुने एका पानावर छापा. शेजारी एफडीटीत त्या टॅगचे नाव काय दिले आहे ते लिहा. तिसरा रकाना कोरा ठेवा, तो तिकडे भरायचा.

एफडीटीतले नाव आणि प्रत्यक्षातला मजकूर यांची फारकत झालेली असते, आणि त्यामागे कारण असते. कित्येक ठिकाणी युनेस्कोच्या नमुना डेटाबेसचीच नक्कल करून काम सुरू झाले. त्यात २४ शीर्षक, २६ प्रकाशन, ३० पृष्ठे, ४४ माला, ५० टीपा, ६९ विषय आणि ७० व्यक्तिलेखक. पण तो नमुना ग्रंथसूचीचा, त्यात दाखल क्रमांक आणि किंमत नाही. मग कुणी ‘टीपा’ क्षेत्रात किंमत घातली, कुणी ७४ मध्ये दाखल क्रमांक. दुसऱ्या काही ठिकाणी सीसीएफ हा युनेस्कोचाच आराखडा घेतलेला दिसतो. त्यात शीर्षकाचा टॅग २००. एकाच डेटाबेसमध्ये १९९८ पर्यंत एक पद्धत आणि नंतर दुसरी, असेही निघते. म्हणून वीस नमुने पहिल्या वीस नोंदींचे घेऊ नका, पाच सुरुवातीचे, दहा मधले, पाच शेवटचे घ्या.

माणूस हयात नसेल किंवा सापडत नसेल तर नमुन्यांवरूनच ओळखावे लागते. चार आकडी, १९ ने सुरू होणारे म्हणजे प्रकाशनवर्ष. ‘२५-००’ म्हणजे किंमत. एका पुस्तकागणिक वाढत जाणारा आकडा म्हणजे दाखल क्रमांक. शंका असेल तिथे दाखल नोंदवही उघडा. त्या आकड्यासमोर तेच पुस्तक सापडले की प्रश्न मिटला. भेटीत विचारायचे प्रश्नही असेच नेमके ठेवा. ‘टॅग ९१ मध्ये ‘सं’ असे का लिहिले आहे?’ याला उत्तर मिळते: संदर्भ विभाग की संस्कृत. ‘तुमची पद्धत सांगा’ याला मिळत नाही.

उपक्षेत्रे टोपीसारख्या खुणेने सुरू होतात: टोपी-ए, टोपी-बी. कोनी कंस किंवा तिरक्या रेघांमधले शब्द म्हणजे सूचीसाठी राखलेले विषयशब्द. ते नको असलेली चिन्हे समजून पुसू नका, त्यांचे विषय-क्षेत्र होणार आहे.

मराठी नेमके कोणत्या रूपात आहे

डॉस आणि विनआयसिसला युनिकोड माहीत नव्हते. मराठी भरण्याच्या तेव्हा दोन वाटा होत्या. सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर काम झाले असेल तर मजकूर इस्की या भारतीय लिप्यांच्या युनिकोडपूर्व प्रमाण संकेतात आहे. विंडोजवर झाले असेल तर बहुधा फॉन्टच्या संकेतात: डीव्ही-टीटी सुरेख, श्री-लिपी, शिवाजी, असे काही. पहिल्याचे काम तासाभराचे, दुसऱ्याचे आठवड्यांचे.

कुठली वाट आहे ते कळायला ‘मराठी’ हा शब्द असलेली एखादी नोंद शोधून हेक्स एडिटरमध्ये बाइट पाहा. इस्की असेल तर दशमान आकडे असे येतील: म २०४, र २०७, काना २१८, ठ १९०, दुसरी वेलांटी २२०. पाच अक्षरचिन्हे, पाच बाइट, लिहिण्याच्या क्रमाने. आणखी खात्री हवी तर ‘दिवस’ पाहा: १९६, २१९, २१२, २१५. वेलांटी द च्या नंतर आहे. फॉन्टच्या संकेतात पहिली वेलांटी कागदावर दिसते तशी आधी येते, आणि ‘धर्म’मधला रफार म च्याही नंतर जातो.

इस्की असेल तर आयसीयू या युनिकोड साधनसंचातले ‘यूकॉन्व्ह’ हे साधन इस्की-देवनागरीचे यूटीएफ-८ मध्ये थेट रूपांतर करते. मायक्रोसॉफ्टच्या यादीत याच संकेताचा क्रमांक ५७००२ आहे. ‘मराठी’ पाच बाइटांची आता पंधरा होईल, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे. आयएसओ फाइल जशीच्या तशी रूपांतरित करू नका असे म्हणायचे ते म्हणूनच. लांबीचे सगळे आकडे चुकतात.

फॉन्टचा संकेत असेल तर कोणता फॉन्ट, हे नोंदीत कुठेही नोंदलेले नसते. ते पीएफटीत असते. फॉरमॅटच्या सुरुवातीला ‘फॉन्ट्स’ नावाची आज्ञा आणि कंसात फॉन्टांची नावे शोधा. सी-डॅकच्या नावांत डीव्ही म्हणजे नुसते देवनागरी आणि डीव्हीबी म्हणजे द्विभाषी. हा फरक महत्त्वाचा. द्विभाषी फॉन्टात इंग्रजी अक्षरे आपल्या जागी राहतात आणि मराठी १२८ च्या वरच्या बाइटांत जाते, त्यामुळे यंत्राला भाषा ओळखता येते. शिवाजीसारख्या फॉन्टात मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्याच जागी बसतात. मग इंग्रजी शीर्षक आणि मराठी शीर्षक बाइटांवरून वेगळे करताच येत नाही, आणि सरसकट रूपांतर केले की इंग्रजी पुस्तकांची नावे अगम्य देवनागरीत जातात.

अशा वेळी भाषेचा टॅग असेल तर त्यावर विभागणी करा. नसेल तर वर्गांक उपयोगी पडतो: ड्युई वर्गीकरणात ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य, द्विबिंदू वर्गीकरणात ओ१५५. यातून कथा, कादंबऱ्या, कविता सुटतील. मराठीतला इतिहास किंवा शेतीवरचे पुस्तक मात्र हाताने खुणावे लागेल. काही फॉन्टांत टोपीची खूण आणि कोनी कंस हीसुद्धा मराठी चिन्हे असतात, आणि आयसिस त्यांना उपक्षेत्र समजते. म्हणून आधी उपक्षेत्रे वेगळी करा, जिथे टोपीनंतर भलतेच अक्षर आले ते बाजूला काढा, आणि मगच रूपांतर करा.

आणखी एक सापळा मोठ्या अक्षरांचा. आयसिस सूची बांधताना छोटी इंग्रजी अक्षरे मोठी करते, आणि त्यासाठीच्या तक्त्यात युरोपीय अक्षरांचेही नियम असू शकतात: २२४ च्या पुढच्या बाइटांतून ३२ वजा. इस्कीत २३२ म्हणजे हलन्त आणि २०० म्हणजे प. ‘धर्म’चे ‘धरपम’ होते. मूळ नोंदीला धक्का लागत नाही, सूचीत मात्र हेच दिसते. पण एखाद्या जुन्या फॉरमॅटमध्ये मोठ्या अक्षरांची ‘एमएचयू’ ही आज्ञा असेल आणि त्याच फॉरमॅटमधून तुम्ही मजकूर काढला, तर ‘धरपम’ कायमचे हाती येते. मजकूर नेहमी ‘एमपीएल’ या रीतीने, म्हणजे जसा आहे तसा, काढा.

रूपांतरानंतर दोन गोष्टी एकसारख्या करून घ्या, नाहीतर कोहात शोध अर्धवट चालतो. ‘अ’ आणि अर्धचंद्र वेगळे जोडून झालेला ‘अॅ’ हा सलग ‘ॲ’ पेक्षा यंत्राला वेगळा दिसतो. सगळीकडे सलग ॲ ठेवा. तसेच ‘कैऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला र काही रूपांतरकांमध्ये ऱ आणि हलन्त असा येतो, काहींत र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा. ऱ ठेवा.

मार्कमध्ये नेताना

जुळणी साधारण अशी. शीर्षक २४५, मुख्य लेखक १००, इतर ७००, आवृत्ती २५०, प्रकाशन २६०, पृष्ठे ३००, माला ४९०, विषय ६५०. ड्युई वर्गांक ०८२ मध्ये, द्विबिंदू असेल तर ०८४ मध्ये. जुना एमएफएन ०३५ मध्ये जरूर ठेवा. पुढे चूक सापडली की मूळ नोंदीपर्यंत जायचा तोच एक दोर. लीडरच्या, म्हणजे नोंदीच्या सुरुवातीच्या संकेतपट्टीच्या, नवव्या स्थानी ‘ए’ हवा (मोजणी शून्यापासून), नाहीतर युनिकोड मजकूर कचरा म्हणून वाचला जातो. ००८ मध्ये भाषेचा संकेत ३५ ते ३७ या स्थानी, मराठीसाठी एम-ए-आर (टंकताना अर्थातच रोमन अक्षरे).

प्रतींची माहिती कोहाच्या ९५२ मध्ये जाते: ए आणि बी मध्ये शाखा, ओ मध्ये बोधांक, पी मध्ये बारकोड म्हणजे आपला दाखल क्रमांक, वाय मध्ये प्रकार, डी मध्ये दाखल तारीख, जी मध्ये किंमत. प्रत्येक प्रतीला स्वतंत्र ९५२.

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. ‘१२३४१-४५’ असे लिहिलेले असते तेव्हा त्याचा अर्थ १२३४१ ते १२३४५, पाच प्रती. ‘१२३४१, ५०’ म्हणजे मात्र दोनच. कुठे एकच क्रमांक दोन नोंदींत असतो, आणि बारकोड दुहेरी असला की कोहा दुसरी प्रत घेत नाही. त्यामुळे आधी सगळे क्रमांक सुटे करा, क्रमाने लावा, दुहेरी आलेले आणि गाळलेले अशा दोन याद्या काढून नोंदवहीशी ताडून पाहा. तारखा वर्ष-महिना-दिवस अशा करा. किंमतीतले ‘रु.’ आणि ‘/-’ काढा.

हे सगळे एक्सेलमध्ये करू नका. ते ‘१२-५’ ची १२ मे करते आणि ‘००१२३’ चे १२३. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये फाइल उघडताना सगळे रकाने ‘मजकूर’ म्हणून घ्या. प्रती थोड्या असतील तर मार्कएडिटचा डिलिमिटेड टेक्स्ट ट्रान्सलेटर पुरे. एका नोंदीखाली अनेक प्रती असतील तर पायथनच्या पायमार्कमध्ये पन्नास ओळी लिहिणे सोपे पडते.

कोहात भरणे आणि पडताळा

आधी शाखांचे आणि साहित्यप्रकारांचे संकेत कोहात तयार हवेत. मग ५० नोंदी, त्याही निवडून: बहुखंडी ग्रंथ, नियतकालिकाचा बांधीव खंड, लेखक नसलेला, पाच प्रतींचा, इंग्रजी-मराठी दोन्ही शीर्षके असलेला. त्या नीट बसल्या की बाकीच्या पाच-पाच हजारांच्या गठ्ठ्याने, स्टेज करून, म्हणजे आधी तात्पुरत्या जागी घेऊन. आदेशओळीवरचे बल्कमार्कइम्पोर्ट वापरणार असाल तर पहिली फेरी चाचणी पर्यायाने चालवा.

मराठी शोध लागत नसेल तर दोष डेटाचा आहे असे लगेच धरू नका. कोहाची शोधसूची बांधणाऱ्या झेब्राची मूळ मांडणी देवनागरी शब्द नीट तोडत नाही. झेब्राच्या ‘डिफॉल्ट डॉट आयडीएक्स’ या फाइलमध्ये शब्द आणि वाक्यांशांसाठी ‘कॅरमॅप’ची ओळ असते, ती ‘आयसीयूचेन’ने बदला आणि पूर्ण सूची नव्याने बांधा. नुसता बदल करून जुनीच सूची ठेवली तर फरक दिसत नाही.

आकडे तीन ठिकाणी जुळले पाहिजेत: मजकूर फाइलमधल्या नोंदी, मार्क फाइलमधल्या नोंदी आणि कोहातल्या नोंदी. प्रतींचा हिशेब वेगळा करा. मग दाखल नोंदवहीतून दर शंभरावा क्रमांक घेऊन कोहात शोधा, आणि त्यांतले निम्मे कपाटातून प्रत्यक्ष काढून पाहा. दहातले दोन चुकत असतील तर थांबा; चूक बहुतेक एखाद्या टॅगच्या अर्थात आहे, आणि ती हजारो नोंदींत पसरलेली आहे.

कोहा झेपणार नाही असे वाटत असेल तर एनआयसीचे ई-ग्रंथालय आणि इन्फ्लिबनेटचे सोल हे पर्याय आहेत. आयसिसच्या वळणाचेच हवे असेल तर एबीसीडी आणि जे-आयसिस. पण नव्याने आयसिसच्याच कुळात शिरून लोक पुन्हा त्याच कोपऱ्यात येतात, जिथे मदतीला दोघेतिघे उरतात.

शेवटी एक फोल्डर करा. त्यात एमएसटी, एक्सआरएफ, एफडीटी, एफएसटी, पीएफटी, एफएमटी, पीएआर, आयएसओ फाइल, मजकूर फाइल, वापरलेल्या मराठी फॉन्टची फाइल, विनआयसिसचा मूळ संच, आणि निवृत्त ग्रंथपालांच्या अक्षरात भरलेल्या त्या टॅगांच्या तक्त्याचे स्कॅन. तीन नकला, त्यांतली एक ग्रंथालयाच्या इमारतीबाहेर. स्कॅनच्या पहिल्या पानावर त्यांचे नाव आणि भेटीची तारीख लिहा.